गिनी पिगचे पुढचे दात कापून भागत नाही, दुखणं मागच्या दाढांत असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका घरी अडीच वर्षांचा नर गिनी पिग आहे. महिन्याभरात त्याचं वजन १,१०० ग्रॅमवरून ९२० ग्रॅमवर आलं. वाटी दिसली की धावत येतो, गाजराचा तुकडा उचलतो, दोनदा तोंड हलवतो आणि टाकून देतो. हनुवटी सतत ओली असते. जिथून आणला त्या दुकानात पुढचे दात कापून दिले. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. रोजचं खाणं म्हणजे भिजवलेले हरभरे, गाजर, काकडी आणि दाणे घातलेलं पाकिटातलं खाद्य. आता पुढे काय?

आधी आजच्या रात्रीचं बघू, कारण वजनाचा सहावा हिस्सा गेलेला आहे. गिनी पिगचं आतडं मागून येणाऱ्या खाण्याच्या रेट्यावर चालतं. दिवसभर पोटात काही गेलं नाही तर आतडं थंडावतं, गॅस धरतो, यकृतावर चरबी चढते, आणि मग दात बाजूलाच राहून जनावर पोटाने दगावतं. म्हणून डॉक्टरांची वेळ उद्याची असली तरी भरवणं आजच सुरू करा. 'भूक लागली की खाईल' हे इथे लागू पडत नाही. त्याला भूक आहेच, म्हणून तर तो वाटीकडे धावतो. त्याला चावता येत नाही.

ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर नावाची, हाताने भरवायची पूड मिळाली तर उत्तम. एक भाग पुडीला दोन भाग कोमट पाणी. ती हाती येईपर्यंत दाणे-बिया नसलेल्या, गवतापासून केलेल्या साध्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, घ्या. ३० ग्रॅम पेलेट मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अगदी बारीक करा, गाळणीने चाळा, ६० ते ७५ मिली कोमट पाण्यात २० मिनिटं भिजू द्या. धिरड्याच्या पिठाइतकं सैल झालं पाहिजे. घट्ट वाटलं तर पाणी वाढवा, कारण आजारी गिनी पिग पाणीही कमीच पितो. दिवसाला किलोमागे ५० ते ८० मिली हा हिशोब धरा. तुमच्या ९२० ग्रॅमच्या जनावराला दिवसभरात साधारण ६० मिली, म्हणजे पाच-सहा वेळा १० ते १२ मिली. रात्रीचा एक घास चुकवू नका, कारण अकरा ते सकाळी सात हे अंतर फार मोठं होतं. भिजवलेलं मिश्रण फ्रिजमध्ये १२ तासांपर्यंत ठेवता येतं, पण दर वेळी लागेल तेवढंच काढून कोमट करा. सेरेलॅक, दूध, दही, वरणाचं पाणी, तांदळाची पेज यातलं काही नको. त्यात लागणारा चोथा नाही, आणि साखर-पिष्टाने आतड्यात नको ते जंतू वाढतात.

भरवायला सुई काढून टाकलेली १ मिलीची सिरिंज घ्या. मिश्रण अडकतं म्हणून तिचं निमुळतं टोक ब्लेडने कापून कडा कानशीने गुळगुळीत करा. एकाच वेळी चार-पाच सिरिंज भरून बाजूला ठेवल्या की काम भराभर होतं. जनावराला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर बसवा, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, चारही पाय खाली. त्याला उताणं करायचं नाही आणि डोकं वर उचलायचं नाही. पुढच्या दातांच्या मागे, ओठाच्या कोपऱ्याजवळ मोकळी फट असते. सिरिंज तिथून आडवी आत सरकवा आणि अर्धा मिलीपेक्षा कमी सोडा. मग थांबा. जबडा हलतो, कानाखालचा भाग थरथरतो, घोट गिळला जातो. तो गिळला की पुढचं. घाईत सगळी सिरिंज एकदम दाबली तर मिश्रण श्वासनलिकेत जातं, आणि फुप्फुसात उतरलेलं अन्न दातांपेक्षा लवकर जीव घेतं. नाकातून थेंब आला किंवा ठसका लागला तर लगेच थांबून डोकं खाली झुकू द्या. शेवटी एक-दोन मिली साधं पाणी द्या, हनुवटी ओल्या कापसाने पुसून कोरडी करा. लाळेने भिजलेल्या केसांखाली कातडी फार लवकर सोलपटते.

एक अपवाद मात्र पाळा. पोट ढोलकीसारखं ताणलेलं लागत असेल, जनावर कुबड काढून एका कोपऱ्यात बसलं असेल, तर काही भरवू नका. ती वेळ थेट दवाखाना गाठायची.

आता दातांकडे येऊ. गिनी पिगच्या तोंडात एकूण २० दात असतात. वर-खाली दोन-दोन पटाशीचे आणि प्रत्येक बाजूला वर चार, खाली चार अशा १६ दाढा. या विसाच्या विसांची वाढ जन्मभर थांबत नाही. दिसतात फक्त पुढचे चार, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. त्यातही घोटाळा होतो. खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या सुमारे तिप्पट लांब असणं हे गिनी पिगमध्ये अगदी नेहमीचं आहे. ते पाहून 'दात वाढले' म्हणत चांगले दात कापलेली जनावरं कमी नाहीत.

खरी गोष्ट मागे घडते. त्याच्या खालच्या दाढा जिभेकडे झुकलेल्या असतात आणि वरच्या गालाकडे. दोन्ही एकमेकींवर तिरक्या घासतात. जबडा मागे-पुढे आणि आडवा फिरला तर त्या झिजतात, आणि हे फिरणं गवत चघळतानाच होतं. हरभरा, गाजर, पेलेट यांचा चुरा जबड्याच्या वर-खाली दाबाने होतो. घासणं होत नाही. न झिजलेल्या खालच्या दाढांची टोकं आत वाढत जातात आणि शेवटी जिभेवर कमानीसारखी भेटतात. जीभ खाली अडकते. घास मागे ढकलता येत नाही, लाळ गिळता येत नाही. तुम्ही लिहिलंय ते हेच चित्र आहे: उचलतो, दोनदा हलवतो, टाकतो, हनुवटी ओली. वरच्या दाढांची टोकं गालात रुतून जखमा करतात. आणि दाढा उंच झाल्या की जबडा पूर्ण मिटत नाही, मग पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून तेही वाढतात. थोडक्यात, पुढचे वाढलेले दात हे बहुतेक वेळा मागच्या दुखण्याचं लक्षण असतं. ते कापल्याने जरा जागा होते, चार दिवस बरं वाटतं, दुखणं तसंच राहतं.

नेलकटर किंवा कटरने दात कापणं तर मुळीच करू देऊ नका. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते, तिथून जंतू शिरतात आणि जबड्यात गळू होतं. दुकानात कापले तेव्हा असं झालं असेल का, हे डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी तीन गोष्टी पाहून लिहून ठेवा. ढोबळी मिरचीची काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक पट्टी समोर धरा. पट्टी ओढून घेता येत नसेल तर अडचण पुढच्या दातांत आहे. आत घेतो, चघळतो आणि अर्धवट चिरडलेली बाहेर पडते, तर दाढांत. दुसरं, खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. कड सरळ, गुळगुळीत लागायला हवी. मण्यांसारखे उंचवटे लागले तर दाढांची मुळं हाडात खाली दाबली गेली आहेत. तिसरं, दोन्ही डोळे शेजारी शेजारी पाहा. एकाच डोळ्यातून पाणी येत असेल किंवा तो जरा पुढे आलेला वाटत असेल तर वरच्या दाढेचं मूळ संशयात घ्या. लेंड्यांचा आकारही सांगा. बारीक, सुक्या, एकाला एक चिकटलेल्या लेंड्या म्हणजे पोटात पुरेसं जात नाही.

नागपुरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, गिनी पिगच्या दाढा हाताळणारे थोडे. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा. कुठेही जाण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या: सशाच्या किंवा गिनी पिगच्या दाढा याआधी घासल्या आहेत का, वायूची भूल आहे का, कवटीचा एक्स-रे निघेल का, दाढा फिरत्या बरने (दात घासायच्या यंत्राच्या टोकाने) घासणार की कटरने तोडणार? उत्तर 'कटर' असेल तर दुसरीकडे विचारा. यात संकोच नको. चांगल्या डॉक्टरला असे प्रश्न आवडतात.

जागेपणी कानात पाहायच्या दुर्बिणीने तोंडात डोकावता येतं, पण त्यावर 'दाढा ठीक आहेत' असं म्हणता येत नाही. तोंडाचं भोक लहान, गाल आत वळलेले, आणि तोंडात बहुधा चोथा भरलेला. नीट तपासणी भूल देऊनच होते. एक्स-रे समोरून, वरून आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी काढलेला हवा, कारण नुसत्या एका बाजूच्या चित्रात दोन्हीकडच्या दाढा एकमेकींवर येतात आणि मुळांचं काही कळत नाही. भुलीआधी कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. गिनी पिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्या उपवासाचा फायदा नाही आणि आतडं बंद पडण्याचा तोटा आहे. तोंड रिकामं राहावं एवढ्यापुरता थोडा वेळ पुरतो, किती ते डॉक्टर सांगतील. शुद्धीवर आल्यावर अंग गार पडू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

औषधांबाबत मात्र जीव तोडून सांगावंसं वाटतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं गिनी पिगला तोंडाने देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात, जुलाब लागतात आणि दोन-चार दिवसांत जनावर जातं. घरात मुलाच्या घशासाठी आणलेलं सिरप फ्रिजमध्ये उरलेलं असतं, 'दातालाही हेच चालतं' असं कुणीतरी म्हणतं, आणि तिथे चूक होते. चिठ्ठीवर असं नाव दिसलं तर औषध देण्याआधी फोन करून खात्री करा. एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, मेट्रोनिडाझोल यांसारखी या जनावराला सोसवणारी औषधं आहेत. वेदनेसाठी पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. दाढा घासल्यावर ते घरी द्यायला लिहून मागा, कारण दुखत असेल तर तो खाणार नाही. ब्रुफेन, पॅरासिटामॉल स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. जबड्यात गळू असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यातला पू पनीरसारखा घट्ट असतो, चिरा देऊन वाहून जात नाही. आवरणासकट काढावं लागतं, कधी दाढही काढावी लागते.

दाढा घासून आल्यावर तो लगेच खाईल अशी अपेक्षा ठेवू नका. उंच दाढांमुळे कित्येक आठवडे जबडा उघडा राहिला होता, चावण्याचे स्नायू ताणून सैल पडले आहेत. ते पूर्ववत व्हायला दिवस लागतात, जुन्या दुखण्यात आठवडे. तोवर सिरिंज सुरू ठेवा आणि सोबत गवताची मऊ पाती, कोथिंबीर, किसलेलं गाजर, ढोबळी मिरचीच्या पट्ट्या समोर ठेवत राहा. स्वतः खाऊ लागला की हाताने भरवणं एकदम बंद करू नका. दोन दिवस वजन टिकलं तर एक वेळ कमी करा, पुन्हा दोन दिवस पाहा. काही जनावरांना हनुवटीखालून जबडा उचलून धरणारी पट्टी लावतात, पण ती डॉक्टरांनी मापून दिलेलीच असावी. घट्ट झाली तर श्वास कोंडतो.

वजन हाच तुमचा खरा आरसा आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणि त्यावर एक डबा. रोज सकाळी भरवण्याआधी, त्याच वेळी. दिवसाला १०-२० ग्रॅमचा फरक मूत्र-लेंड्यांमुळे होतोच, त्याने घाबरू नका. सलग तीन दिवस घसरण किंवा एकूण ५० ग्रॅमची घट दिसली की फोन करायचा.

क जीवनसत्त्वाशिवाय यातलं काहीच टिकत नाही. गिनी पिगच्या शरीरात, माणसासारखंच, ते तयार होत नाही. कमी पडलं की हिरड्या रक्ताळतात, दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू सैल होतात, दात हलतात, वाकडे वाढतात. निरोगी जनावराला दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम, आजारात ५० पर्यंत. लहान मुलांसाठी निव्वळ क जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात. बाटलीवर १ मिलीत १०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर तुमच्याला रोज अर्धा मिली पुरे. सगळी जीवनसत्त्वं एकत्र असलेले थेंब नकोत, त्यातलं अ आणि ड साठत जातं. पाण्याच्या बाटलीत मिसळणंही नको. उजेडात काही तासांत ते निकामी होतं आणि चव बदलली म्हणून जनावर पाणी सोडतं. पेलेटमधलं क जीवनसत्त्वही तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत उतरतं, म्हणून मोठं पोतं स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

मग संत्री? हे नागपूर असल्यामुळे पहिला सल्ला तोच मिळतो. संत्र्यात १०० ग्रॅमला साधारण ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. ढोबळी मिरचीत त्याहून जास्त आणि पेरूत जवळपास चौपट. शिवाय संत्र्याची आंबट साखर तोंडातल्या जखमांना झोंबते आणि ओठाच्या कडेला खपल्या धरतात. निरोगी जनावराला आठवड्यात एक-दोन फोडी द्या. तोंड दुखत असताना ढोबळी मिरचीची ३० ग्रॅमची पट्टी आणि मूठभर कोथिंबीर बरी.

आता गवत, म्हणजे सगळ्याचं मूळ. रोजच्या खाण्यात चार पंचमांश गवतच असलं पाहिजे, चोवीस तास समोर, ढिगाने. बाहेरून येणारं टिमोथी महाग पडतं. ते परवडलं तर छान, नाही तर विदर्भात चांगले पर्याय आहेत. स्वच्छ जागची ताजी हरळी रोज मूठ-दोन मूठ चालते. पूजेच्या दुकानातल्या दुर्वा धुऊन, कोरड्या करून द्या. वाळल्या गवतात मारवेल उत्तम. फुलोऱ्यावर येताना कापलेलं, हिरवट रंग आणि गोड वास राखून असलेलं पाहून घ्या. कुसळीचं गवत कटाक्षाने टाळा. त्याची कुसळं हिरडीत आणि जिभेखाली रुततात, आणि मग लाळ गळते ती दातांमुळे की कुसळामुळे हे कळायलाच आठवडा जातो. तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार नको, धुळीने श्वासाचा त्रास होतो आणि लांब चघळणं होत नाही. भाताचं तणीस खाली अंथरायला ठीक, खाण्यात त्याचं पोषण फार कमी. लसूण घासात कॅल्शियम जास्त, पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगला त्याने मूतखडा होऊ शकतो. रोज देऊ नका. कोवळ्या ज्वारीचे फुटवे तर मुळीच नको, त्यात विष असतं हे गुरं पाळणारा कुणीही सांगेल. फवारणीच्या शेताच्या बांधावरचं आणि रस्त्याकडेचं गवतही नको. पावसाळ्यात गवत प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं की बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत किंवा गोणपाटात, जमिनीपासून उंच ठेवा.

हरभरे आणि दाण्यांचं खाद्य आजपासून बंद. पेलेट दिवसाला एक-दीड मोठा चमचा. दुकानात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या विटा आणि कुरतडायच्या लाकडाने पुढचे दात झिजतात, दाढांना त्याचा काही उपयोग नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं. लाळ गळणं आणि खाणं सोडणं हे उष्माघाताचंही लक्षण आहे. तापमान २७-२८ अंशांच्या पुढे गेलं की गिनी पिगला सोसत नाही, आणि मे अखेरच्या नवतपात आपल्याकडे पंखा लावलेली खोलीही तापलेली असते. अंग ढिलं, श्वास भरभर, कान गरम असतील तर दातांचा विचार नंतर. ओल्या कापडाने कान आणि पाय पुसा, गार खोलीत न्या आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. कूलर असेल तर पिंजरा त्याच्या झोतासमोर नको, खोलीच्या कडेला ठेवा. दातांच्या भेटी एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आतच ठरवा.

हे दुखणं एकदा घासून संपेल का, हे एक्स-रे सांगेल. मुळं ठीक असतील आणि चूक खाण्याचीच असेल तर एक-दोनदा घासून, गवतावर आणून पुष्कळ जनावरं सावरतात. मुळं वाकली असतील तर दर चार ते आठ आठवड्यांनी भूल देऊन घासावं लागेल, जन्मभर. त्याचा खर्च आणि जनावराचा त्रास दोन्ही डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. घासल्यानंतरही खाणं परत येत नसेल, दोन्ही जबड्यांत गळवं असतील, वेदनाशामक देऊनही तो कोपऱ्यातून हलत नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा विचार करणं हेही त्याची काळजी घेण्यातच येतं.

दातांची ठेवण काही अंशी वारशाने येते असं मानलं जातं, म्हणून या नरापासून पिल्लं घेऊ नका. त्याच्यासोबत दुसरा गिनी पिग असेल तर त्याचंही खाणं इतके दिवस हेच होतं. आज त्यालाही काट्यावर ठेवा, आकडा लिहून ठेवा आणि दर रविवारी त्याच वेळी पुन्हा मोजा. दवाखान्यात नेताना दोघांना एकाच टोपलीत न्या. सोबती शेजारी असला की आजारी जनावर लवकर गवताला तोंड लावतं.